वेबसाइट आहे, पण तिच्याकडे फिरकते कोण?

या महिन्यात सदरासाठी आलेल्या पत्रांत ठाणे आणि नवी मुंबईतील छोट्या व्यावसायिकांची व संस्थांची पत्रे अधिक होती आणि बहुतेकांची तक्रार एकाच स्वरूपाची होती. खर्च करून वेबसाइट तयार करून घेतली, व्हिजिटिंग कार्डावर आणि दुकानाच्या पाटीवर तिचा पत्ता छापला, परंतु ओळखीच्या माणसांखेरीज तिच्याकडे कोणी फिरकत नाही. त्यांतील काही पत्रे निवडून उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या व्यवसायाच्या दृष्टीने गाळली आहेत.

प्रश्न: माझा इमारतींच्या वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय आहे. दोन वर्षांपूर्वी पाच पानांची वेबसाइट करून घेतली: मुख्यपान, आमच्याविषयी, सेवा, छायाचित्रे आणि संपर्क. तिच्यावरून चौकशीचा फोन क्वचितच येतो. आता एका एजन्सीने असे सुचवले आहे की, गूगलला ताजा मजकूर हवा असतो, म्हणून दर आठवड्याला दोन लेख टाकावेत. लेखही तेच पुरवतील. हा खर्च करावा का? (एक वाचक, कासारवडवली, ठाणे)

उत्तर: एजन्सीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे आणि तुमचा पैसा जाणार आहे तो उरलेल्या अर्ध्यात. गूगलबॉट नावाचा प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पाने वाचतो, वाचलेली पाने गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे सूचीत, नोंदवली जातात आणि कोणी काही शोधले की त्या सूचीतील पाने योग्यतेच्या क्रमाने दाखवली जातात. हा क्रम ठरवताना पान किती ताजे आहे हे पाहिले जाते खरे, परंतु प्रत्येक शोधात त्याचे वजन सारखे नसते. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने ताजेपणाला अधिक वजन देणारा बदल केला, तेव्हा साधारण ३५ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असे जाहीर केले होते. पण तो बदल मुख्यतः बातम्या, सामन्यांचे निकाल, दरवर्षी भरणारे सोहळे, बाजारात नव्याने आलेली वस्तू अशा शोधांसाठी होता. तुर्भ्याच्या बाजारात आज हापूसची पेटी कितीला गेली हे शोधणाऱ्याला कालचे पान उपयोगाचे नाही. स्वयंपाकघराच्या छताला ओल का येते हे शोधणाऱ्याला मात्र तीन वर्षांपूर्वी लिहिलेले, पण नीट समजावून सांगणारे पान आजही चालते.

त्यामुळे लेखांची संख्या वाढवून ताजेपणा मिळवण्याचा मार्ग फारसा पुढे जात नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या ‘पांडा’ या बदलापासून गूगल पोकळ आणि उचललेला मजकूर मागे सारत आले आहे, ऑगस्ट २०२२ मध्ये वाचकाच्या उपयोगापेक्षा शोधयंत्रासाठीच लिहिलेल्या मजकुराविरुद्ध वेगळा बदल झाला आणि मार्च २०२४ मध्ये तर क्रमवारीत वर येण्याच्या हेतूने घाऊक प्रमाणात मजकूर निर्माण करणे हा प्रकार स्पॅमविषयक धोरणात स्पष्टपणे समाविष्ट करण्यात आला, मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. ‘वॉटरप्रूफिंगचे दहा फायदे’ हा लेख ती एजन्सी तुम्हाला देईल, तोच किरकोळ फरकाने दहिसरच्या आणि डोंबिवलीच्या कंत्राटदारालाही देईल. शिवाय असा प्रश्न गूगलला विचारतो कोण? ज्याच्या छतातून पाणी टपकते आहे, त्याला फायदे जाणून घ्यायचे नसतात.

त्याला काय विचारायचे असते हे एजन्सीपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे, कारण तो फोनवर तुम्हालाच विचारतो. गच्चीतून गळती होत असेल तर खर्च सोसायटीने करायचा की सर्वांत वरच्या मजल्यावरील सभासदाने? (गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते, आणि ही गोष्ट एका पानावर नीट मांडली तर ते पान कितीतरी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत आपोआप फिरेल.) वरच्या सदनिकेच्या बाथरूममधील गळती खालच्या सभासदाने सिद्ध कशी करायची? जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर (विटांचे तुकडे घालून केलेल्या थरावर) दुसरा कोबा चढवला तर स्लॅबवर भार किती वाढतो? भर पावसात तात्पुरते काय करता येते आणि काय करू नये? घोडबंदर पट्ट्यातील उंच मनोऱ्यांत बाहेरच्या भिंतीच्या भेगांतून आणि पाइपांभोवतीच्या फटींतून पाणी शिरते, तर नौपाड्यातील जुन्या तीन-चार मजली इमारतींत गच्ची आणि सज्जे हेच दुखणे असते. हा फरक तुम्ही तुमच्या कामाच्या अनुभवातून जसा लिहाल तसा घरबसल्या लेख पुरवणाऱ्याला लिहिता येणार नाही. अशा एकेका प्रश्नाला एकेक स्वतंत्र पान द्यावे, प्रश्नच पानाचे शीर्षक करावे, पहिल्या परिच्छेदात थेट उत्तर द्यावे आणि नंतर कारणे, खर्च कशावर अवलंबून असतो ते आणि स्वतःच्या कामाची छायाचित्रे द्यावीत. छायाचित्राखाली ते कोणत्या भागातले, कोणत्या अडचणीचे आणि कोणत्या टप्प्याचे आहे हे एका ओळीत लिहावे. नुसत्या छायाचित्रांचे दालन पाहून माणसालाही फारसे कळत नाही आणि गूगललाही.

तुमच्या आजच्या पाच पानांचे दुखणे ताजेपणाचे नाहीच. ‘सेवा’ या शीर्षकाच्या एका पानावर गच्ची, बाथरूम, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या आणि तळघर यांची पाच ओळींत बोळवण केली असेल, तर त्यांपैकी कोणत्याच शोधासाठी ते पान पुढे येण्याचे कारण नाही. प्रत्येक सेवेचे पान वेगळे करावे आणि मुख्यपानावरून व एकमेकांवरून त्यांना लिंक द्याव्यात. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची, म्हणजे शोधशब्दांची, लांबलचक यादी भरण्याचे पैसे कोणी मागत असेल तर ते देऊ नयेत. क्रमवारीसाठी आपण ती यादी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

वेळेचाही विचार करावा. गळतीचे शोध मे महिन्याच्या अखेरीस वाढू लागतात आणि जून-जुलैत उसळतात, परंतु पान लिहिल्याबरोबर ते वर येत नाही. बदलांचा परिणाम दिसायला कधी काही दिवस, तर बरेचदा काही महिने लागतात. म्हणून पावसाळ्याची पाने जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तयार असावीत. पुढच्या वर्षी त्याच विषयावर नवे पान लिहिण्याऐवजी जुन्याच पानावर दर, साहित्य आणि नवी उदाहरणे सुधारून घालावीत. ताजेपणा म्हणतात तो एवढाच. मजकुराला हात न लावता केवळ तारीख बदलण्याची युक्ती काही जण सुचवतात. तिचा उपयोग नाही, कारण साइटमॅपमधली (गूगलसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीतली) शेवटच्या बदलाची तारीख प्रत्यक्ष बदलांशी जुळत राहिली तरच गूगल ती विचारात घेते. महिन्याला एक पान लिहिणे जमले तरी तुमच्या व्यवसायासाठी ते पुष्कळ आहे. एजन्सीला पैसे द्यायचेच असतील तर तुमचे बोलणे ऐकून ते शुद्ध आणि सुटसुटीत मराठीत व इंग्रजीत उतरवून देणाऱ्या माणसासाठी द्यावेत.

प्रश्न: आमच्या सांस्कृतिक संस्थेच्या संकेतस्थळावर अनेक वर्षांच्या व्याख्यानांचे वृत्तान्त आणि स्मरणिकांतील लेख मराठीत उपलब्ध आहेत. तरीही वक्त्याचे नाव व विषय मराठीत टाइप केला तरी आमचे पान गूगलवर दिसत नाही. मराठीला गूगलकडे दुय्यम स्थान आहे का? (संस्थेचे कार्यवाह, नौपाडा, ठाणे)

उत्तर: तसे मानण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. संकेतस्थळावरील एक परिच्छेद निवडून, कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या संदेशात पेस्ट करावा. तेथे देवनागरीच दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आहे. रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा गुंता दिसला तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि गूगलच्या दृष्टीने तो मराठी नाहीच. परिच्छेद निवडताच आला नाही तर ते मजकुराचे छायाचित्र आहे.

तुमच्या वर्णनावरून दुसरी किंवा तिसरी शक्यता अधिक वाटते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी संगणकावर अक्षरजुळणी करण्याच्या, काळातील फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेले असत. त्यामुळे छपाईत आणि फॉन्ट असलेल्या संगणकावर मजकूर उत्तम दिसतो, पण फॉन्ट न पाहता केवळ क्रमांक वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तो अर्थहीन रोमन मजकूर वाटतो. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत आणि तुमचा वाचक मोबाइलवर जे टाइप करतो ते याच क्रमांकांत असते. साहजिकच त्याचा शोध आणि तुमचे पान यांची गाठ पडत नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, मात्र रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नये, कारण रफार भलत्या अक्षरावर जाणे, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटणे, ‘ऱ्या’ फुटणे हे दोष हमखास राहतात. स्कॅन केलेल्या स्मरणिकांमधील अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न गूगल करते, परंतु जुन्या, पुसट छपाईच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. सगळे टंकलिखित करणे शक्य नसेल तर निदान प्रत्येक स्मरणिकेला एक पान द्यावे आणि त्यावर वर्ष, लेखांची शीर्षके, लेखकांची नावे आणि दोन-तीन ओळींचा गोषवारा युनिकोडमध्ये लिहावा. एखाद्या ग्रंथप्रेमी निवृत्त सभासदाला हे काम दिले तर तो ते आनंदाने करील असा माझा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मराठी माणूस मराठी विषयही पुष्कळदा रोमन लिपीत टाइप करून शोधतो, विशेषतः व्यक्तींची आणि सभागृहांची नावे. त्यामुळे वक्त्याचे नाव, विषय आणि ‘गडकरी रंगायतन’सारखे स्थळ पानावर एकदा रोमन लिपीतही सहजपणे आलेले असावे. कार्यक्रम झाल्यावर त्याचे पान काढून टाकण्याची पद्धत अनेक संस्थांत आहे, ती बंद करावी. निमंत्रण असलेल्या पानावरच नंतर वृत्तान्त आणि छायाचित्रे जोडावीत, म्हणजे त्या पानाला वृत्तपत्रांतून आणि सभासदांकडून मिळालेल्या लिंक वाया जात नाहीत.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी घरून पोळी-भाजीचे डबे देतो. ऐरोली, महापे येथील कार्यालयांत काम करणारी, भाड्याने राहणारी मुले हे आमचे मुख्य ग्राहक आहेत. गूगलच्या नकाशावर आसपासची केंद्रे दिसतात, आमचे दिसत नाही. वेबसाइट आहे, तरी असे का? (एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई)

उत्तर: नकाशावर दिसणे आणि वेबसाइट असणे या वेगळ्या बाबी आहेत. नकाशासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल तयार करून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. ते विनामूल्य आहे, आणि त्यासाठी पैसे मागणाऱ्या फोनला बळी पडू नये. घरून व्यवसाय करत असाल आणि ग्राहक दारात येत नसतील, तर पत्ता लपवून केवळ सेवाक्षेत्र दाखवण्याची सोय त्यात आहे. दोन बायकांचा घरगुती व्यवसाय म्हटल्यावर तीच निवड योग्य. व्यवसायाचा प्रकार अचूक निवडावा, वेळा भराव्यात आणि नाव पाटीवर असेल तेच लिहावे. नावापुढे ‘कोपरखैरणेतील सर्वोत्तम डबा सेवा’ असे शेपूट जोडणे नियमबाह्य आहे आणि त्यापायी प्रोफाइल बंद झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

स्थानिक क्रमवारी संबंध (शोधाशी व्यवसाय किती जुळतो), अंतर आणि ख्याती या तीन गोष्टींवर ठरते असे गूगल स्वतःच सांगते. अंतर तुमच्या हातात नाही. संबंध आणि ख्याती मात्र आहेत, आणि येथे नवी मुंबईच्या पत्त्यांची एक अडचण आड येते: सेक्टर १५ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, बेलापूरमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. म्हणून वेबसाइटवर नुसता सेक्टर न लिहिता उपनगराचे नाव, जवळचे रेल्वे स्थानक आणि डबे कोठपर्यंत पोहोचतात हे पूर्ण वाक्यांत लिहावे. मात्र घणसोली, वाशी, रबाळे अशी नावे बदलून त्याच मजकुराची वेगवेगळी पाने करू नयेत. अशी पाने गूगल स्पॅममध्ये गणते.

ताज्या मजकुराबाबत तुम्ही सर्वांत सुदैवी आहात, कारण तुमचा मजकूर रोज शिजतो. आठवड्याचा बेत तुम्ही चित्र करून व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लावत असालच. तोच साध्या मजकुरात वेबसाइटच्या एकाच ठरलेल्या पानावर दर रविवारी बदलावा आणि त्याच्याखाली महिन्याचा दर, सुट्टीचे नियम, कांदा-लसूण नसलेल्या डब्याची सोय आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक द्यावा. उकडीचे मोदक, पुरणपोळी, फराळ यांची पाने मात्र वर्षभर तशीच ठेवावीत, सणाआधी दीड-दोन महिने दर आणि मागणीची शेवटची तारीख तेवढी सुधारावी.

ग्राहकांना अभिप्राय द्यायला जरूर सांगावे, पण त्या बदल्यात सवलत किंवा एक डबा मोफत देऊ नये. गूगलच्या धोरणात ते बसत नाही, आणि आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक तयार केले आहे. नाराज ग्राहकाच्या अभिप्रायाला शांतपणे दिलेले उत्तर इतर ग्राहक बारकाईने वाचतात.

प्रश्न: आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. जुनी वेबसाइट दिसायला साधी होती, पण परराज्यांतून चौकशा येत. मागील वर्षी नवी, देखणी वेबसाइट केली आणि चौकशा जवळजवळ थांबल्या. (एक उद्योजक, महापे एमआयडीसी)

उत्तर: वेबसाइट नवी करताना पानांचे जुने पत्ते बदलले गेले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे नेणारी ३०१ ही कायमस्वरूपी रिडायरेक्टची व्यवस्था केली गेली नाही, हे सर्वांत संभवनीय कारण आहे. इतर वेबसाइटवरून वर्षानुवर्षे मिळालेल्या लिंक आता ‘पान सापडत नाही’ या संदेशावर जाऊन थांबत असणार. दुसरे कारण असे की, काम चालू असताना वेबसाइट गूगलपासून झाकून ठेवण्यासाठी घातलेली ‘नोइंडेक्स’ ही सूचना किंवा गूगलबॉटने कोठे जाऊ नये हे सांगणाऱ्या रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमधील मनाई काम संपल्यावर काढायची राहून जाते. ही चूक दिसते तितकी दुर्मीळ नाही.

गूगल सर्च कन्सोल या विनामूल्य साधनात वेबसाइटची मालकी सिद्ध करून ‘पेज इंडेक्सिंग’ हा अहवाल पाहावा. कोणते पान कोणत्या कारणाने सूचीबाहेर आहे हे तेथे लिहिलेले असते. पूर्वीपासून कन्सोल जोडलेले असेल तर त्यातील १६ महिन्यांपर्यंतच्या नोंदींवरून कोणत्या जुन्या पानांवर लोक येत होते तेही कळेल. नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनी वेबसाइट पाहून पत्ते गोळा करता येतील. प्रत्येक जुने पान त्याच उत्पादनाच्या नव्या पानाकडे वळवावे. सगळी पाने सरसकट मुख्यपानाकडे वळवण्याचा सोपा मार्ग वेब डेव्हलपर सुचवील, तो मान्य करू नये, कारण गूगल अशा वळणांना बहुधा हरवलेलीच पाने समजते. रिडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवावीत अशी गूगलची सूचना आहे; माझ्या मते ती काढूच नयेत.

देखण्या वेबसाइटचा आणखी एक दोष तुमच्या क्षेत्रात महागात पडतो. खरेदी विभागातील अभियंता ‘दर्जेदार उत्पादने, विश्वासार्ह सेवा’ शोधत नाही. तो ‘एसएस ३१६’ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार), आटे, व्यास आणि दाबाची मर्यादा शोधतो. जुन्या वेबसाइटवरील रूक्ष तक्ते नव्या वेबसाइटवर पीडीएफच्या आत गेले असतील किंवा गाळलेच असतील, तर ते प्रत्येक उत्पादनाच्या पानावर मजकुराच्या रूपात परत आणावेत.

प्रश्न: पंधरा दिवसांत गूगलवर पहिला क्रमांक आणि पाचशे बॅकलिंक (इतर वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक), अशी हमी देणारा ईमेल आला आहे. दर माफक आहे. घ्यावे का? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर: घेऊ नये. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच व्यावसायिकांसाठीच्या मार्गदर्शनात म्हटले आहे, आणि क्रमवारीसाठी गूगल पैसेही घेत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात आणि तिच्यावर तसे लिहिलेले असते. विकत घेतलेल्या लिंक एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ बदलापासून उपयोगापेक्षा उपद्रवच अधिक करतात. तुमचा माल विकणारे वितरक, तुमच्या कच्च्या मालाचे पुरवठादार, तुम्ही सभासद असलेली व्यापारी संघटना यांच्या वेबसाइटवर तुमचे नाव लिंकसह आहे का, ते आधी पाहावे.

प्रश्न: कर्नाळा, प्रबळगड, माणिकगड या परिसरातील भटकंतीची माहिती देणारी माझी वेबसाइट आहे. सर्च कन्सोलमध्ये पाने पूर्वीइतकीच किंबहुना अधिक वेळा दिसल्याची नोंद आहे, परंतु क्लिक घटत चालले आहेत. मित्र म्हणतात, एआयकडून भराभर लेख लिहून घे, म्हणजे भरपाई होईल. (एक वाचक, खारघर, नवी मुंबई)

उत्तर: तुमचे निदान तुमच्याच आकड्यांत आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल शोधाच्या निकालांवर एआयने तयार केलेला सारांश, म्हणजे एआय ओव्हरव्ह्यू, दिसू लागला आहे. तुमचे पान त्यात उद्धृत झाले तर ‘दिसले’ अशी नोंद होते, पण वाचकाचे समाधान तेथेच झाले तर तो पुढे येत नाही. कन्सोलच्या अहवालात हे आकडे एकूण शोधांतच मिसळलेले असतात, त्यामुळे घट कोणत्या प्रश्नांवर झाली हे स्वतः चाळून पाहावे लागते. माझा तर्क असा की, ‘कर्नाळा अभयारण्य कोठे आहे’ किंवा ‘प्रबळगडाची उंची किती’ अशा एका ओळीच्या उत्तरांच्या शोधांवर ती सर्वाधिक असेल. ते वाचक आता परत येणे कठीण आहे आणि त्यांच्यासाठी आणखी लेख लिहिणे हा व्यर्थ खटाटोप ठरेल.

एआयच्या मदतीने लिहिण्याला गूगलचा सरसकट विरोध नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी तसे स्पष्टही केले. प्रश्न वेगळा आहे. यंत्र जे लिहील ते इतरांनी आधी लिहिलेल्या मजकुराचेच मिश्रण असणार, आणि तोच मजकूर गूगलचा सारांश फुकट देतो. तुम्ही गेल्या रविवारी ठाकूरवाडीहून प्रबळमाचीकडे जाताना वाट कोठे खचली होती, पनवेलला परतण्यासाठी संध्याकाळी गाडी मिळाली का, माचीवर जेवणाचा दर काय होता, कलावंतिणीच्या पायऱ्यांवर किती गर्दी होती, पावसाळ्यात प्रशासनाचा मनाई आदेश लागू आहे का, हे मात्र तेथे जाऊन आलेल्यालाच सांगता येते. ही माहिती दर मोसमात बदलते, म्हणजे पहिल्या उत्तरात म्हटलेला खरा ताजेपणा येथे आहे. प्रत्येक गडाच्या मुख्य पानावर वर ‘सद्यस्थिती’ असा छोटा भाग ठेवावा आणि त्यात शेवटी केव्हा जाऊन आलात तो महिना लिहावा. एखाद्या वाचकाने ताजी खबर कळवली तर त्याच्या संमतीने तीही जोडावी.

सारांशात आपला मजकूर येऊ नये यासाठी ‘नोस्निपेट’ ही सूचना पानात घालता येते, पण मग साध्या निकालातही तुमच्या पानाखालचे दोन ओळींचे वर्णन नाहीसे होते. ‘गूगल-एक्स्टेंडेड’ला (आपला मजकूर गूगलच्या एआय प्रशिक्षणासाठी वापरू द्यावा की नाही हे ठरवणाऱ्या सोयीला) मनाई केल्याने शोधातील सारांशावर परिणाम होत नाही, तेव्हा त्या उपायावरही भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा नेहमीच्या वाचकांसाठी ईमेल यादी किंवा व्हॉट्सॲप चॅनेल सुरू करावे, म्हणजे गूगलवरचे अवलंबित्व थोडे कमी होईल.

प्रश्न: वेबसाइटमध्ये सुधारणा करायची आहे, पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता, ज्याने वेबसाइट केली त्याच्या नावावर आहे आणि तो आता फोन उचलत नाही. (एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई)

उत्तर: वरील सर्व उत्तरे तुमच्यासाठी तूर्त बाजूला ठेवावी लागतील, कारण सर्च कन्सोलची मालकी असो की रिडायरेक्ट, डोमेन आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवलेली सर्व्हरवरची जागा) हातात असल्याखेरीज काही करता येत नाही. ‘हूइज’ या डोमेन-नोंदींच्या शोधात डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे (नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते ते पाहावे. मुदतीची तारीख सर्वांत आधी लिहून ठेवावी. त्यानंतर वेबसाइटसाठी दिलेल्या पैशांच्या पावत्या, व्यवसायाचा नोंदणी दाखला, जीएसटी क्रमांक आणि त्या डोमेनवरील ईमेलचे जुने व्यवहार जोडून रजिस्ट्रारकडे लेखी अर्ज करावा आणि डेव्हलपरलाही नोंदणीकृत पत्त्यावर पत्र पाठवावे. पुष्कळदा लेखी पत्र गेल्यावर फोन येतो. डोमेन ‘डॉट इन’ असेल आणि नाव तुमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल, तर ‘डॉट इन’ नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेच्या विवाद निवारण प्रक्रियेचा मार्गही खुला आहे. डोमेन परत मिळाल्यावर नोंदणी व्यवसायाच्या ईमेलवर करावी, त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवावा आणि नव्या डेव्हलपरला सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून न नेमता केवळ वापरकर्ता म्हणून प्रवेश द्यावा.